हात कधी काढायचा

घोड्याचं रक्त काढायचं म्हणजे चार माणसं लागणार, हे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. एकानं मोरकी धरायची, एकानं कान, एकानं वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा आणि डॉक्टरनं मिळतील त्या दोन-चार सेकंदांत मानेची शीर गाठायची. काम होतं. पण पुढच्या वेळी माझी गाडी फाटकात आली की तेच घोडं दाव्याला हिसके द्यायला लागतं, हेही तितकंच खरं.

फुलेवाडीच्या पुढे एका तबेल्यात कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली एक घोडी आहे. मालकांनी ती अकलूजच्या बाजारातून आणलेली. लग्नसराईत वरातीला जाते, एरवी संध्याकाळी रंकाळ्यावर मुलांना फेऱ्या मारते. ढोल-ताशे, फटाके, नाचणारी माणसं, कशालाच बुजत नाही. सिरिंज दिसली मात्र, की मागच्या दोन पायांवर उभी. मालकांच्या मुलाचा खांदा तिनं एकदा निखळवला होता.

मला तिचा ग्लँडर्सच्या तपासणीसाठी नमुना घ्यायचा होता. हा जिवाणूंमुळे होणारा रोग घोडा, खेचर, गाढव यांना होतो आणि माणसालाही लागतो. त्यावर लस नाही. घोड्याला तो निघाला तर उपचार करत नाहीत, २००९ च्या प्राणी-रोग कायद्याप्रमाणे त्याला दयामरण द्यावं लागतं. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात. जिच्या पाठीवर रोज लहान मुलं बसतात तिचा नमुना चुकवून कसं चालेल? शिवाय धनुर्वाताची लस द्यायची होती, कारण धनुर्वात घोड्याइतका पटकन क्वचितच दुसऱ्या जनावराला होतो.

मालकांनी त्या दिवशी मामांना बोलावून घेतलं होतं. मामा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचे. जयपूरच्या ६१ व्या घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले. आता तरुण घोडी तयार करतात आणि रात्री नातवाच्या मोबाइलवर रे हंटच्या जुन्या चित्रफिती बघतात. अमेरिकेत टॉम आणि बिल डोरन्स हे भाऊ आणि त्यांच्यामागून रे हंट यांनी जी रीत रुजवली, तिला आज नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात. घोड्याला मोडून न काढता, त्याला काय वाटतंय ते वाचून शिकवायचं. मामांना इंग्रजी फारसं येत नाही, पण आवाज बंद करून ते त्या माणसाचे हात बघत बसतात.

“ताई, गडबड न्हाई न्हवं?” त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी घोडीची अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधलेल्या दोऱ्या, सोडायला लावली. मालकांचा चेहरा उतरला. “सोडा वो. पळायला वाट न्हाई दिसली की ती भांडणारच.” लांब दोरी लावून तिला तबेल्यासमोरच्या मोकळ्या जागेत आणलं. कपाळाला हात लावायला निघालेल्या मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या गड्याला, त्यांनी खांद्यापाशी सरकवलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. समोरून आलेला हात नेमका त्या आंधळ्या जागेत शिरतो.

मी डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला. मिनिटाला ६८ ठोके. शांत उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात. नुसती माझी बॅग बघून ही अवस्था!

मामांनी आधी सुईचं नावच काढलं नाही. तिच्या पुठ्ठ्याकडे बघत दोरीचं टोक जरा हलवलं. तिनं मागचा पाय एक पाऊल आडवा टाकला, त्याक्षणी दोरी ढिली आणि मामांची पाठ तिच्याकडे. मग दुसऱ्या बाजूनं तेच. थोड्या वेळानं दोरी हलायच्या आत, नुसत्या त्यांच्या नजरेवर ती पाऊल टाकायला लागली. तिचा एक कान आता मामांकडे वळलेला होता.

मग त्यांनी मला पुढे घेतलं. “हात मानंवर ठेवा. ती हालली तर तुमीबी तिच्यासंगं हाला, पण हात काढू नगासा. पाय थांबलं की लगीच काढा. ती हालती तवा काढलासा, तर हालायला शिकवलंसा.”

आजवर नेमकं हेच तिला शिकवलं गेलं होतं. ती उधळली की माणसं मागे सरायची, सुई लांब जायची. उधळल्यावर सुटका होते हा धडा तिनं चोख गिरवला होता आणि लोक तिला खोडसाळ म्हणत होते. मला त्या घोडीबद्दल सगळ्यात वाईट वाटलं ते याचं.

तळव्याखाली तिची कातडी थरथरत होती. डोळ्याच्या वरच्या पापणीला घट्ट त्रिकोणी वळी पडलेली, नाकपुड्या ताठ. ती बाजूला सरकली, मीही सरकले. थांबली, हात काढला, दोन पावलं मागे गेले. पुन्हा. हळूहळू हात मानेच्या खालच्या खोबणीपर्यंत, जिथून शीर जाते तिथपर्यंत पोचला. मग स्पिरिटचा बोळा. त्या वासानं ती पुन्हा फुरफुरली, तेव्हा बोळा दूर धरून नुसता वास येऊ दिला. मग टोपण लावलेली सिरिंज मानेवर चोळली, मग कातडीची चिमूट. दर वेळी पाय स्थिर झाले की हात बाजूला.

एका क्षणी तिनं मान खाली सोडली, जीभ फिरवून तोंड चघळल्यासारखं केलं. बरेच लोक याला घोड्यानं हार मानल्याची खूण म्हणतात. मला ते पटत नाही. भीतीनं तोंड कोरडं पडतं, ताण उतरला की लाळ सुटते, एवढंच त्यातून दिसतं. मामाही मान हलवून म्हणाले, “आता तिला सुचाय लागलंया.” पापणीवरची वळी गेली होती.

शिरेवर अंगठा दाबला, ती टच्च फुगली. सुई आत गेली तेव्हा तिनं मान वर उचलली. अंगठा तसाच ठेवून मी तिच्यासोबत अर्धं पाऊल गेले. ती थांबली आणि लाल टोपीच्या नळीत रक्त भरायला लागलं. मानेलाच लसही दिली. दोरी एकट्या मामांच्या हातात होती, तीही ढिली. नंतर ठोके मोजले, ४८.

ही रीत सगळीकडे लागू पडते असं मी म्हणणार नाही. मध्यरात्री पोटदुखीनं लोळणाऱ्या घोड्याला तासभर समजावत बसता येत नाही. तिथे गुंगीचं औषध आणि वेळ पडली तर ओठाला पीळ, हे करावंच लागतं, मामाही तेच सांगतात. पण लस आणि नमुना ही ठरवून करायची कामं आहेत. त्यांत घाई असते ती फक्त माणसांची. घोड्याला धरून ठेवण्यात आपण जेवढी ताकद खर्च करतो, तिच्या पाव हिश्शाएवढं लक्ष त्याच्या पायांकडे दिलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं माझं आता ठाम मत आहे.

धनुर्वाताचा दुसरा डोस चार आठवड्यांनी होता. मामांनी मालकांच्या मुलाला काम लावून दिलं: रोज खरारा झाला की टोपण लावलेली सिरिंज मानेवर चोळायची, पाय थांबले की काढायची. मधल्या काळात हिसारचा अहवाल निगेटिव्ह आला. दुसऱ्या डोसला गेले तेव्हा दोरी धरायला तो मुलगा एकटाच होता, खांदा निखळलेला तोच. लसीची तारीख देताना मी आता मालकांना आठवडाभर आधी एक रिकामी सिरिंज देऊन ठेवते आणि ती कशी वापरायची ते तिथेच त्यांच्याकडून करून घेते.