नदीचा वरवंटा

आजीचा पाटा अजून आमच्या ओट्याखाली आहे. मिक्सर आल्यापासून त्याला काही काम नाही, आणि वरवंटा दार आपटू नये म्हणून दाराशी असतो. पाट्याच्या मध्यावर हात फिरवला तर खोलगट लागतं. वरवंटा कमरेत बारीक झालाय. दोन पिढ्यांच्या चटण्यांनी एवढं केलं. पाटा फार गुळगुळीत झाला की आजी टाकी लावून घ्यायची आणि त्यानंतरचं पहिलं वाटण टाकून द्यायची, कारण त्यात कच येते. पुढच्या वाटणांतली कच मात्र आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली असणार.

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात उभी राहिले तेव्हा हा पाटाच आठवला. मळगंगेच्या देवळापासून खाली उतरलं की नदी एकदम काळ्या कातळाच्या फटीत शिरते, आणि त्या कातळाला जिकडेतिकडे खळगे. काही वाटीएवढे, काहींत माणूस उभा मावेल. आतून असे घोटीव की कुंभारानं हात फिरवावा. रांजणखळगे हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला शंभर मार्क.

आत्या सोबत होत्या. म्हणाल्या, "पाण्यानं एवढा दगड कसा गं झिजतो?"

"पाण्यानं कुठं? पाण्यातल्या दगडांनी. नुसतं पाणी ओतून खोबरं वाटलं जातं का?"

हे त्यांना लगेच पटलं. मग मी जरा जास्तच बोलले. हा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची छिद्रं राहिली. आकसताना भेगा पडल्या. पुरात वाहत आलेला एखादा गोटा अशा छिद्रात, भेगेत अडकतो. वरून पाण्याचा भोवरा त्याला गरगर फिरवतो. गोटा खळगा कोरतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत पडते, आणि नदी तेवढी खोल जाते.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पारनेर तालुका अवर्षणाचा. इथल्या पावसाच्या भरवशावर असा एक रांजण कोरायचा म्हटलं तर कठीणच. पण कुकडी उगवते तिकडे जुन्नरला, नाणेघाटाजवळ, जिथे पाऊस नुसता कोसळतो. पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि दगड झिजतो निघोजला! तोही फक्त पावसाळ्यात, कारण बाकीचे महिने नदीच्या अंगात गोटे फिरवण्याएवढा जोर नसतो. आता तर वर माणिकडोह, येडगावची धरणं आहेत. पाणी सोडलं तर येतं, पण वरचे गोटे धरणातच बसून राहतात. वाटायला पाणी आहे, वरवंटा नाही, असं काहीसं झालं असणार.

एका खळग्यात गुडघाभर पाणी होतं, उन्हानं कोमट झालेलं. मी हात घातला. तळाशी वाळू, आणि वाळूत गोटे: एक सुपारीएवढा, दोन-तीन लाडवाएवढे. कुठेही कोपरा नाही, कंगोरा नाही. एकाच्या अंगावर पांढरे ठिपके होते, बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर भरलेल्या खनिजांचे. झिजून तेही बाकीच्या दगडाशी अगदी सपाट झाले होते.

तो ठिपक्यांचा गोटा आत्यांनी पदराला पुसून पिशवीत टाकला. मी म्हटलं, "अहो, असू द्या, नदीचा आहे." त्या म्हणाल्या, "नदीकडे आहेत की पुष्कळ."

आता तो आमच्या ओट्यावर असतो. आत्या त्यानं लसूण ठेचतात.