मेजर नाइन्थच्या पुढे

शुद्ध स्वरांच्या सप्तकातील पहिला, तिसरा आणि पाचवा स्वर एकत्र वाजवले की मेजर कॉर्ड होते; तिच्यात सातवा स्वर मिळवला की मेजर सेव्हन्थ होते. त्यावर नववा, अकरावा आणि तेरावा स्वर (म्हणजे वरच्या सप्तकातील दुसरा, चौथा आणि सहावा) चढवत गेले की विस्तारित मेजर कॉर्ड तयार होतात. कागदावर सी मेजर तेराव्यात सात स्वर असतात आणि गिटारला तारा सहाच, त्यामुळे काय गाळायचे हे ठरवणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे, असे मला वाटते. पाचवा स्वर सर्वांत आधी गाळावा. तिसरा आणि सातवा मात्र सोडू नयेत, कारण कॉर्डची ओळख त्यांच्यातच असते.

सी मेजर नाइन्थपासून सुरुवात करावी. पाचव्या तारेच्या (सर्वांत बारीक तार पहिली) तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरील तिसऱ्या खणात, मध्यमा, चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर तर्जनी, तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर करंगळी आणि दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर अनामिका ठेवली की सी, ई, बी आणि डी हे स्वर मिळतात. मध्यमेचे टोक सहाव्या तारेला हलकेच टेकवून ती मुकी ठेवावी, अन्यथा खालचा ई घुमून सारा गोडवा गढूळ होतो.

अकरावा स्वर अवघड आहे. हा अकरावा म्हणजे शुद्ध मध्यम वर आणि तिसरा म्हणजे गंधार खाली आला की दोघांत कर्कश घर्षण होते, म्हणून मेजर कॉर्डमध्ये बहुधा तीव्र मध्यम घेतात. पाचव्या तारेपासून अनुक्रमे तिसरा, चौथा, चौथा आणि पाचवा फ्रेट धरून तो ऐकावा. यमन ज्यांच्या कानात मुरलेला आहे, त्यांना हा स्वर परका वाटणार नाही.