ताई, हे दगडाचं न्हाई
गेल्या जूनमधली गोष्ट आहे, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मी युरोपच्या ग्रुप टूर्स नेते, अकरा सीझन झाले. लोकांना वाटतं फुकटात फिरायला मिळतं, पण खरं काम म्हणजे डोकी मोजणं आणि ड्रायव्हरचे तास सांभाळणं. साडेचार तास गाडी चालवली की त्याला पाऊण तास थांबावंच लागतं, सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं, तिथे कोणाचं काही चालत नाही. आणि हे सगळं बसवताना आमचं ऑफिस पहिली कात्री लावतं ती चर्चला. दुकानाला दीड तास आणि चर्चला चाळीस मिनिटं, हे मला कधीच पटलेलं नाही.

त्या दिवशी म्युनिकहून नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्याकडे जाताना वाटेत वीसकिर्खेला थांबलो. बव्हेरियात कुरणाच्या मधोमध उभं असलेलं हे चर्च बाहेरून अगदी साधं दिसतं, आणि आत पाऊल टाकलं की पांढरं, सोनेरी, गुलाबी, निळं, सगळं हलतंय असं वाटतं. रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली ती नाजूक, वळणदार नक्षीची शैली, एकाच ठिकाणी बघायची तर मी इथेच नेईन. मी बसमध्ये माईकवर नेहमीचं सांगितलं होतं, १७४५ ते १७५४ मधलं काम, डोमिनिकुस झिमरमानने बांधलं, छतावरचं चित्र त्याच्या मोठ्या भावाचं, योहान बाप्टिस्टचं, १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि पुढच्या भागात संगमरवरी खांब बघा.

परत बसमध्ये डोकी मोजली तर एक कमी. कोल्हापूरकडचे एक काका, सत्तरीचे, मुलाने एकटं पाठवलेलं. आठ दिवसात फार बोलले नव्हते, फोटोसुद्धा काढत नव्हते. राजवाड्याच्या तिकिटावर ठरलेली वेळ असते, ती चुकली की एक्केचाळीस तिकिटं गेली, मी धावतच आत गेले. काका बाकावर मान मागे टाकून बसलेले.

मी चिडून काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "ताई, हे दगडाचं न्हाई. तुम्ही संगमरवर म्हणालात. एवढा निळा दगड कुठं मिळतो? हा माल आहे, कालवलेला."

त्यांनी चाळीस वर्षं पीओपीचं काम केलंय, मंगल कार्यालयं, बंगले, थेटरं, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी वर बोट दाखवलं. छतही दगडी नाही म्हणाले, दगडी असतं तर कमानीच्या वर एवढी भोकं पाडून उजेड घेताच आला नसता, हे लाकडी सांगाड्यावर टांगलंय. आणि ती शिंपल्यासारखी, फेसासारखी नक्षी बघा, डावी उजवीसारखी नाही. "साच्यातलं असतं तर दोन्हीकडं सारखं आलं असतं. हे तिथं वर चढून हातानं केलंय. पण पीओपी तर बघता बघता धरतं, यांना एवढा वेळ मिळाला कसा?"

मला उत्तर येत नव्हतं. त्यांनी अजून पंधरा मिनिटं मागितली. मी घड्याळ बघितलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दारापर्यंत मान वर करून उलटे चालत आले.

तिकिटं वाचली. जेवण बसमध्ये कोंबावं लागलं म्हणून चार जणांनी फीडबॅक फॉर्मवर तक्रार लिहिली, ऑफिसने मला ती वाचून दाखवली. काका काय बघून आले ते विचारायला कोणालाही वेळ नव्हता.

पावसाळ्यात घरी बसून मी सगळं वाचून काढलं. काकांचं शब्द न शब्द बरोबर. छत खरंच लाकडी, खालून गिलावा. खांब जिप्समचे, म्हणजे पीओपी ज्यापासून होतं त्याचेच: रंग आणि सरसाचं पाणी घालून कणकेसारखे गोळे मळायचे, वेगवेगळ्या रंगांचे एकत्र दाबून कापायचे, थापायचे, मग दगडाने पुन्हा पुन्हा घासून चमक आणायची. हे कधीकधी खऱ्या संगमरवरापेक्षा महाग पडायचं. दोघे झिमरमान मुळात गिलाव्याचेच कारागीर, बव्हेरियातल्याच वेसोब्रुनच्या परंपरेतले, जिथली माणसं असल्या कामासाठी दूरदूर जायची. आणि डोमिनिकुस म्हातारपणी या चर्चशेजारी घर करून राहिला, १७६६ मध्ये तिथेच गेला. अकरा वर्षं मी याला आर्किटेक्ट म्हणून मोकळी होत होते.

काकांना फोन केला. म्हटलं, सरस घातला की जिप्सम उशिरा धरतं, शिवाय नक्षीच्या मालात चुना असायचा, म्हणून हाताने घडवायला वेळ मिळायचा. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

मग म्हणाले, "सरस. बरोबर. पण ताई, एका घमेल्याला किती?"

मे महिन्यात पुन्हा जातेय. चर्चची वेळ एक तास करून घेतलीय, दुकानातून वीस मिनिटं काढून.