कढी कळकली

रविवारी आमच्याकडे कढी कळकली. झालं असं की फोनवर सगळ्या बायका पितळेच्या भांड्यात काय काय रटरटवताना बघून मलाही चेव आला, मग माळ्यावरचं आजेसासूबाईंचं पातेलं खाली काढलं, चिंच लावून आतून-बाहेरून असं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं, फोटो काढला, आणि कढी केली. पाहुणे पुण्यातलेच, म्हणजे साडेबाराला येतो म्हणून दोनला आले, तोवर कढी पातेल्यातच. डावाने ढवळली तर कडेला हिरवट झाक. चाखून बघितली तर जुनी किल्ली चोखल्यासारखी जीभ झाली. सासूबाईंनी एक थेंब तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "कळकलीय गं. टाक ती."

पाहुण्यांना आमटी वाढली, विषय संपला असं मला वाटलं. पण लेकीला, सातवीत आहे, शाळेतून इंग्लिशमध्ये एक परिच्छेद लिहायचा होता, घरात झालेली फजिती या विषयावर. आयती मिळाली. "आई, कळकली म्हणजे इंग्लिशमध्ये काय?"

नवरा पेपरमागून म्हणाला, "स्पॉइल्ड." हे म्हणजे ताप असो की खरूज, एकच गोळी. आपल्याकडे दूध नासतं, भात आंबतो, शेंगदाणे खवट होतात, पाव बुरसतो, पिठाला जाळी धरते, आणि आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लागला की तो कळकतो. नाकाला नुसता वास आला तरी कुठला शब्द वापरायचा ते सासूबाईंना डब्याचं झाकण पूर्ण उघडायच्या आत कळतं. आणि या सगळ्याला एक स्पॉइल? मग मी बसले फोन घेऊन. एकदा शब्दांच्या मागे लागले की माझं दुपारचं झोपणं गेलंच म्हणून समजा.

तर हे स्पॉइल लॅटिनमधून आलंय आणि तिथे त्याचा अर्थ जनावराचं सोललेलं कातडं, मग लढाईत मेलेल्या शत्रूच्या अंगावरचं काढून घेतलेलं चिलखत, मग एकूणच लूट, आणि शेवटी गाडी आली नासण्यावर. माझी नणंद नेहमी म्हणते की तुमच्या आजीने पोरीला स्पॉइल केलंय, ते मी सासूबाईंना या अर्थासकट सांगितलं. "मी काय तिचं कातडं सोललं का? लाडावलीय म्हणा," म्हणाल्या. पटलं मला.

लेक म्हणाली, मग सॉइल लिहू? सॉइल म्हणजे माती, म्हणजे कढीची माती झाली. मी खूशच झाले, अगदी आपल्यासारखं, पैशाची माती, कष्टांचं मातेरं. पण नाही. जमीन या अर्थाचं सॉइल वेगळं आणि मळवणे या अर्थाचं सॉइल वेगळं, दोन्ही फ्रेंचमधून आली एवढंच, दुसऱ्याचं मूळ लॅटिनमधल्या डुकराकडे जातं असं सांगतात. एका आडनावाची दोन कुटुंबं, नातं काही नाही.

मग अडल्टरेट. "आई, म्हणजे मोठं करणं?" नवऱ्याने पेपर आणखी वर धरला. मी सांगितलं की अडल्टशी त्याचा संबंध नाही, अडल्ट म्हणजे वाढलेला, आणि हे आलंय 'दुसरा' या अर्थाच्या शब्दावरून, एकात दुसरं घुसडणं, म्हणजे भेसळ. त्याच मुळावरचा नवरा-बायकोच्या भानगडीतला शब्द मी सोडून दिला, आठवीत कळेल. भेसळीवरून आठवलं, आपला 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे ना, त्यात कंटॅमिनंट कशाला म्हणायचं त्याची व्याख्या दिलीय आणि किड्यांचे तुकडे, उंदराचे केस असल्या गोष्टी त्यातून चक्क वगळल्यात. त्यांना वेगळं नाव आहे, बाह्य पदार्थ. म्हणजे उद्या भेळेत झुरळाचा पाय सापडला तर भांडताना शब्द जपून वापरा.

हे कंटॅमिनेट मात्र आमच्या चांगल्या ओळखीचं. आम्ही राहतो धायरीला, आणि जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा सकाळ-संध्याकाळ हाच शब्द कानावर. धडधाकट माणसांच्या पायातली ताकद जायची, बऱ्याच पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडत होता, आणि सगळ्यांची नजर नळाकडे. टीव्हीवर कंटॅमिनेटेड, पेपरात दूषित, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, "पाणी बाधलं." मला त्यांचं सगळ्यात भारी वाटलं. बाकीचे पाण्याला काय झालं ते सांगत होते, मावशी पाण्याने काय केलं ते सांगत होत्या. आम्ही अजूनही पाणी उकळूनच पितो.

आणि या कंटॅमिनेटच्या पोटात काय आहे, तर स्पर्श. शिवणे. लॅटिनमधला तोच धातू, कॉन्टॅक्टमधला, कॉन्टॅजियसमधला. हे वाचून मी जरा थांबले, कारण शिवलं की बाटलं हे आपल्याला कोणी लॅटिनमधून शिकवायची गरज नाही. याच पुण्यात, गंज पेठेत, जोतिराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेव्हा पाणी 'विटाळायला' त्यात जंतू असावा लागत नव्हता, हात पुरायचा. पोल्यूटचंही तसंच, आधी देवळं नि मनं भ्रष्ट होण्यासाठी वापरायचे, नदी-हवेची पाळी 19व्या शतकात आली. सासूबाई लहानपणीच्या सोवळ्याचं सांगायला लागल्या, मग मधेच गप्प झाल्या.

असो. कढी अजून राहिलीच होती. लेकीचं म्हणणं असं की इंग्लिशच्या या बहुतेक शब्दांना करणारा लागतो, कोणीतरी सॉइल केलं, कोणीतरी पोल्यूट केलं, आणि आपल्याकडे सगळं आपोआप होतं, शर्ट मळतो, रंग विटतो, कढी कळकते, कोणाचंच नाव नाही. मी म्हटलं, बाई गं, तू म्हणतेस शर्ट मळला, मी म्हणते मळवलास, मराठी तीच. शेवटी तिने टेंटेड लिहिलं, त्यातल्या त्यात जवळचं, म्हणजे डाग लागल्यासारखं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाईंना सांग कल्हई गेली होती, त्यांना कळेल."

कल्हई गेली. बघा, परत कोणाचं नाव नाही.

शनिवारी लेकीला घेऊन कसब्यात तांबट आळीत गेले, तिथे विचारत विचारत एक कल्हईवाले काका सापडले. त्यांनी पातेलं उजेडाकडे धरून आत बघितलं, मग बोट फिरवलं. कथील, नवसागर, किती पैसे, केव्हा मिळेल, हे सगळं मी विचारत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"तारेच्या घासणीने कोणी घासलं हे?"

लेक माझ्याकडे बघत होती.