कव्हर नवं, तरी पँट ओली

पावसाळ्यात बडोद्याच्या दांडियाबाजारात कुणी ना कुणी मला अडवून विचारतंच, "काका, कव्हर आत्ताच बदललंय, दोन दिवस ऊनही पडलंय, तरी गाडीवर बसलं की पँट ओली. असं कसं?" सीट मढवणं हा माझा धंदा नव्हे. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मोटरसायकलींवर हात चालवतो, एवढंच. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पाणी कव्हरात नाही, फोममध्ये आहे.

रेक्झीन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. त्यातून पाणी जात नाही, जातं ते शिवणीतून. सुईच्या प्रत्येक टाक्याला भोक, आणि सुती दोरा असला तर तो कुजून भोक आणखी मोठं होतं. आतला फोम ते पाणी पिऊन बसतो. वर रेक्झीनचं झाकण, त्यामुळे वाळायची सोय नाही. तुम्ही बसलात की दाबाने तेच पाणी त्याच भोकांतून वर येतं. दुकानात जुनं कव्हर ओढून काढतात आणि ओल्याच फोमवर नवं ठोकतात. गिऱ्हाईकही रंग नि डिझाइन बघण्यात दंग!

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या सीट्स उघडल्या, तर फोममध्ये गाळ. कारागीर लगेच म्हणतो, "नवो नाखी दउं?" (नवा टाकून देऊ?) मी नको म्हणतो. कंपनीचा फोम साच्यात ओतलेला असतो, सीटच्या तळाच्या खाचाखोचांत नेमका बसतो. बाजारातला तुकडा शीटमधून कापलेला, तो तसा बसेलच असं नाही. फोमचा भुगा होत नसेल, तर बादलीत बुडवून, दाबून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. पिळू नये, फाटतो. मग सावलीत उभा करून ठेवावा, आणि घाई करू नये. वरून कोरडा लागला तरी आत ओल असतेच.

चालवणाऱ्याच्या जागी खड्डा पडला असेल, तर तेवढाच भाग हॅकसॉच्या पात्याने काढून जरा कडक फोमचा तुकडा चिकटवावा. मग सांधा खरकागदाने घासावा. इथे डोळ्यांवर भरवसा नको. डोळे मिटून तळवा फिरवा. हाताला जी कड लागते, ती पुढे बसल्यावरही लागते.

कव्हर तळाला ठोकायच्या पिनांचं सांगायलाच हवं. प्लास्टिकच्या तळाला आखूड पिना, साधारण ६ मिलिमीटरच्या. लांब मारल्या तर टोकं पलीकडे निघतात. स्टेनलेसच्या घ्या, साध्या गंजून तुटतात. जुन्या पत्र्याच्या तळाला दाते असतात, त्यांत रेक्झीन अडकवायचं. ते दाते सारखे वाकवले की मोडतात, म्हणून पक्कड हळू चालवा.

नवं कव्हर आधी उन्हात टाकावं. बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवर थोडा वेळ ठेवलं की मऊ पडून हवं तसं ताणतं. पुढचा मध्य, मागचा मध्य, मग आळीपाळीने दोन्ही बाजू. एकच बाजू संपवत गेलात तर दुसरीकडे सुरकुत्या आल्याच. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घालावा, पण फोम खडखडीत वाळल्यावरच, नाहीतर ओल आतच कोंडते.

आणि हो, फाटक्या कव्हरवरच दुसरं घालायची जी टूम आहे, ती मला बघवत नाही. दोन्हींच्या मध्ये पाणी साचतं, आणि खालच्या फाटीतून फोम ते आरामात पीत राहतो.

आता तुमच्या गाडीचं. सीटवर वर्तमानपत्राची घडी ठेवून थोडा वेळ बसा. कागद भिजला, तर आधी फोम काढून वाळवा. आणि नवं शिवून घेताना कारागिराला सांगा, बसायच्या जागेवर आडवी शिवण नको, नक्षी हवीच असेल तर कडेला घाल.