शिसवी मूठ

आज माळा झाडताना बिस्किटाच्या जुन्या डब्यात दोन काळ्या पट्ट्या सापडल्या. आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या, मूळ कंपनीच्या. मार्क ४, .३८ बोअर. नळी खाली दुमडली की सहाही काडतुसं एकदम वर उचलली जायची. ते बघायला आम्ही पोरं तासन्‌तास ताटकळायचो.

आजोबा डावखुरे. कंपनीची मूठ हाताला बसेना, म्हणून गावच्या सुताराकडून शिसवाची करून घेतली, अंगठ्यापुरती खाच ठेवून. हात लागून लागून ती चिंचोक्यासारखी चकचकीत झाली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं. बारा बोअरची बंदूक शेतावर लागते, रायफल माझ्या हौसेची. मग गेली वेब्लीच. डीलर म्हणाला, "मूठ ओरिजिनल नाही, भाव कमी येईल." मी मान डोलावली. गाढवच मी! रायफल काय, तसली आजही दुकानात मिळते.

बायको शिडीखालून विचारत होती, "त्या पट्ट्या भंगारात टाकू का?"

डबा अजून टेबलावरच आहे.