ऐंशीच्या आईला नाशिकला नेताना

आई एक्क्याऐंशीची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मावशी शहात्तरची, चालायला खणखणीत पण कानाने कमी. दोघींचं म्हणणं एकच होतं, काळाराम आणि सप्तशृंगी घडवून आण, बाकी काही नको. ठाण्याहून सकाळच्या वंदे भारतने नाशिकरोडला उतरलो. तिथून पंचवटी दहाएक किलोमीटर आहे. गाडी सांगाल तेव्हा उंच सीटची सांगा. बुटक्या गाडीतून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, हे आईचा चेहरा पाहिल्यावर कळलं.

पहिलं हॉटेल मी फोटो बघून घेतलं होतं. लिफ्ट होती, लॉबी चकचकीत होती. पण बाथरूमची फरशी खोलीपेक्षा अर्धा फूट उंच. ड्रेनेजचे पाइप फरशीखालून काढायचे म्हणून बऱ्याच इमारतींत ती अशी उचललेली असते. कमोड बुटका आणि आधाराला फक्त टॉवेलची दांडी. आई ती धरून उठायला गेली तर दांडी भिंतीतून हलली. ती टॉवेलच्याच वजनाची असते, माणसाच्या नाही.

आई काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने पाण्याचा ग्लास हळूच बाजूला सरकवला. सकाळी चहाही नको म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "रात्री उठावं लागलं तर तुला उठवायला नको, म्हणून नाही प्यायले." दिवसभर उन्हात फिरलेली, बीपीची गोळी घेणारी बाई. अंगातलं पाणी कमी झालं की उठताना चक्कर येते, आणि चक्कर आली की तीच पायरी पुढे उभी. मला खूप वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या किती प्रवासांत हे घडलं असेल आणि मला दिसलंही नसेल, हे मनातून जाईना. ही माणसं तक्रार करत नाहीत, पाणी सोडतात. आपण समजतो, आईला भूक-तहानच कमी लागते हल्ली.

त्याच सकाळी हॉटेल बदललं. या वेळी फोनवर "ज्येष्ठ नागरिकांना सोयीचं आहे ना?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. विचारलं, "बाथरूमला पायरी आहे का? कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा आहे का? पलंगापासून कमोडपर्यंत चालत जाऊन एक व्हिडिओ पाठवाल का?" चार ठिकाणी विचारलं, दोघांनी पाठवला. तुम्हीही हेच करा. त्या अर्ध्या मिनिटात सगळं दिसतं.

मिळालेलं हॉटेल साधंच होतं, पण तळमजल्यावरची खोली, सपाट बाथरूम, खरखरीत फरशी, कमोडशेजारी स्टीलचा दांडा, अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि पलंगाखाली रात्रभर जळणारा छोटा दिवा. मालकांना विचारलं, हे कुणी सुचवलं? म्हणाले, त्यांची आई गावाहून आली की याच खोलीत राहते. त्या रात्री आई दोन ग्लास पाणी प्यायली.

यात महागडं काही नव्हतं. सुगम्य बांधकामासाठीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत ही मापं दिलेलीच आहेत. कमोडची बैठक साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, रॅम्पचा उतार १ ला १२. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फुटांचा रॅम्प लागतो. दोन फुटांत उतरवलेला सिमेंटचा उतार म्हणजे रॅम्प नव्हे, ती घसरगुंडी. २०२७च्या सिंहस्थासाठी ज्यांचं रंगकाम, फरशीकाम निघालं असेल त्यांनी आत्ताच ही मापं मिस्त्रीच्या हातात द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुंभाला येणाऱ्यांत आजी-आजोबा किती असतात, हे नाशिककरांना मी सांगायला नको.

खाण्याचं. मिसळ खायचीच होती. मोकळ्यावर बाजा टाकलेली जागा छान दिसते, पण बाजेवरून आईला उठता येईना. मऊ, खोल सोफ्याचंही तेच. हाताची खुर्ची मागा, बहुतेक जण आतून आणून देतात. रस्सा वेगळा घ्या, दही जास्त घ्या.

रात्रीच्या रेस्टॉरंटमध्ये प्रकाश इतका मंद की दोघींना मेनूकार्ड वाचता येईना. काळ्यावर तपकिरी अक्षरं! साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. मावशीची अडचण वेगळी. सगळीकडे काच आणि फरशी, त्यामुळे आवाज घुमतो. वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ऐकू येत नाहीत. समोरचा नुसता ओरडला तर गोंगाट वाढतो, शब्द कळत नाही. म्हणून भिंतीलगतचं, स्पीकरपासून लांबचं टेबल घ्या आणि संध्याकाळी सातलाच जा.

वेटरने मला विचारलं, "आजी काय घेणार?" आजी समोर बसलेली असताना. दुसऱ्या दिवशी एका खानावळीतला मुलगा मात्र मावशीच्या समोर वाकला आणि एकेक पदार्थ सावकाश सांगत गेला. मावशीने स्वतः पिठलं-भाकरी मागवली. ती इतकी खुलली की घरी येईपर्यंत त्याच मुलाबद्दल बोलत होती.

देवदर्शनाबद्दल थोडक्यात. काळारामला सकाळी लवकर जा. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून शिरावं लागतं, गुडघे-कंबरवाल्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या असतात, आईला वरच बसवून तांब्याने पाणी आणलं. सप्तशृंगीला साठ-पासष्ट किलोमीटर जावं लागतं, पण तिथे पाचशेच्या आसपास पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८पासून ट्रॉली आहे. मावशी गडावर शेवटची आली होती ती तिच्या मुलाच्या लग्नानंतर, पायऱ्या चढून. आई चाळीस वर्षांत आलीच नव्हती. दोघी देवीसमोर हात धरून उभ्या होत्या, मी मागेच थांबले.

त्र्यंबकेश्वर या वेळी मुद्दाम सोडलं, एवढा वेळ रांगेत उभं राहणं जमलं नसतं. डिसेंबरमध्ये पुन्हा जायचं म्हणताहेत. काल मालकांना फोन केला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "तळमजल्याचीच खोली ना? आजींचं स्टूल बाथरूममध्ये ठेवून देतो."